मुकी म्हणायचा हक्क

बोटी दुरुस्त करायच्या त्या गोदीत मुकी नावाच्या इतक्या गोष्टी होत्या, की नवा माणूस सुरुवातीला गोंधळून जायचा. "मुकीकडे पाठ करू नकोस रे," असं कुणी ओरडलं की तो आधी आजूबाजूला एखादी बाई शोधायचा. मग जुनी माणसं पोट धरून हसायची आणि त्याला सगळ्या मुक्या दाखवून आणायची.

सगळ्यात जुनी मुकी पाण्यात होती. गोदीच्या तोंडाशी एक खडक होता. इतर खडकांवर पाणी फुटतं, फेस येतो, लांबून कळतं. या खडकावर पाणी तेल ओतल्यासारखं सपाट असायचं. बोटीचं बूड फाटलं की मगच कळायचं. दुसरी मुकी म्हणजे कुंपणाला लागून वाढलेलं एक झुडूप. त्याचा चीक हाताला लागला तर आग होत नाही, वासही येत नाही. घरी जाऊन डोळे चोळले की माणूस भिंतीला धरून चालायला लागतो. कचेरीच्या जिन्यातली एक पायरी मुकी होती. बाकीच्या करकरायच्या, ती करकरायची नाही, आणि कुजलेली नेमकी तीच होती. लोहाराच्या मागची उताराची गल्ली मुकी, कारण तिथे हातगाडी हातातून सुटली तर चाकांचा आवाज पुढे जायचाच नाही. भुंकायच्या आधी चावणारी एक कुत्री मुकी. आणि एक पुरुषही मुकी होता. जुना मुकादम. कधी आवाज चढवला नाही, कधी शिवी दिली नाही. संध्याकाळी स्वतःच्या पैशानं चहा पाजायचा आणि सकाळी फाटकावर सांगायचा, आजपासून येऊ नका. तोंडावर त्याला साहेब म्हणायचे, पाठीमागे मुकी.

"पुरुषाला मुकी कसं म्हणता?" एका नव्यानं विचारलं होतं.

"तुझी नोकरी गेली की बघ," सुतार म्हणाला, "आपोआप तोंडात येतं."

गल्लीच्या तोंडाशी बसणारा शिंपी जन्मापासून बोलत नव्हता. त्याला मात्र हे नाव कुणी कधी दिलं नाही. तो हातांनी बोलायचा, भुवयांनी बोलायचा, कात्रीनंसुद्धा बोलायचा. कापड कमी पडणार असेल तर कापायच्या आधी सांगायचा. जे न सांगता घात करतं ते मुकी, एवढाच या नावाचा अर्थ होता.

हे नाव कुणीही उठून द्यायचं नाही, असा नियम होता. ज्याला लागलं आणि जो वाचला, त्यानंच द्यायचं. तो बरा होऊन परत आला की कामाला हात लावायच्या आधी सगळे त्या जागेशी जमायचे. तो बोट दाखवून म्हणायचा, "ही मुकी." बाकीचे एकदा म्हणायचे, "मुकी." मग तिच्यावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा. त्यानंतर तिच्याकडे कुणी पाठ करायचं नाही आणि तिच्या एकटीच्या भरवशावर कुणी काम करायचं नाही. दुसरा आधार लागायचाच. मालकानं कितीही घाई केली तरी माणसं जागची हलायची नाहीत. त्यामुळे मालकही पट्टा दिसला की गप्प बसायचा. पट्टा नसेल तर मात्र विचारायचा, "काय झालंय तिला? चांगली तर आहे."

या नियमात एक भोक होतं आणि ते खटकेवाल्याला चांगलं माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ याच गोदीत एका टेकूखाली गेला होता. टेकू न वाजता सरकला आणि बोट कलंडली. भाऊ जागीच गेला. मेलेला माणूस नाव कसं देणार? टेकू तसाच राहिला, बिनपट्ट्याचा, चांगला दिसणारा. पुढे तो आणखी एकाच्या पायावर आला, तो माणूस लंगडत परत आला, तेव्हा कुठे टेकूला नाव मिळालं. त्या दिवशी सगळ्यांच्या बरोबर खटकेवाल्यानंही "मुकी" म्हटलं होतं. म्हणताना त्याच्या मनात आलं होतं, की नाव मिळतं ते माणूस जिवंत सोडणाऱ्यांना. ज्या पुरा घास घेतात त्या बिननावाच्याच राहतात.

त्याला खटकेवाला म्हणायचे ते त्याच्या कामामुळे. बोटी पाण्यातून वर घ्यायच्या उतारावर रूळ होते. रुळांवर गाडा, गाड्यावर बोट. गाड्याला लोखंडी तार, आणि ती तार वर बसवलेल्या विंचच्या ढोलावर गुंडाळत जायची. जुन्या विंचला एक खटका होता, म्हणजे दातेरी चाकात पडणारी लोखंडी जीभ. बोट वर चढताना ती दातादातावर कटकट करत पडायची. तार मागे घसरू लागली तर ती जीभ दातात अडकायची आणि असा खणका उठायचा, की पलीकडच्या गल्लीत झोपलेलं पोर रडायला लागायचं.

हा खटका सांभाळायचं काम त्यानं उमेदीची सगळी वर्षं केलं. कामाला नुसती ताकद पुरत नाही. पाय किती फाकवायचे, अंगाचा भार कुठल्या टाचेवर ठेवायचा, मूठ किती सैल ठेवायची, हे चुकलं तर पहिल्या वर्षातच मनगट जातं. त्याचं काही गेलं नाही. हातापायांची बोटं जशी आईनं दिली तशी होती. गोदीत अशी माणसं थोडी. सुतार त्याला चिडवायचा, "खटकेवाले, तुम्ही मेल्यावर तुमचे हात आम्हाला द्या. नवेकोरे आहेत." तो हसायचा. पण अख्खे हात असल्यामुळे त्याला आयुष्यात एकदाही कशाला नाव देता आलं नव्हतं.

मग जुनी विंच भंगारात गेली आणि नवी आली.

नवी विंच विजेवर चालायची. हिरवा रंग, बसायला खुर्ची आणि समोर दोन बटणं. बटण दाबलं की वर लावलेली घंटा घणघणायची, ढोल फिरायचा. बटण सोडलं की घंटा बंद, ढोल बंद. खटका नव्हताच. आत एक ब्रेक होता, तो ढोल धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी घंटा ऐकायला अख्खी गोदी जमली.

"घ्या!" नवा मुकादम म्हणाला. हा वयानं लहान, चपळ, सगळ्यांशी हसून-खेळून असणारा. "आता तुमच्या खटक्याला सुट्टी, काका. बसा खुर्चीत, दाबा बटण. रोज वरात निघाल्यासारखं वाजत-गाजत काम."

खटकेवाला खुर्चीत बसला, पण तिथे त्याच्या पायांना काही काम उरलं नव्हतं. बटण दाबणं, चाकांना ग्रीस लावणं, एवढंच आता त्याचं काम. फुकटचं बसणं त्याला सोसेना, म्हणून तो बघत राहिला. बघताना त्याला एक दिसलं. बोट वर घेतली, बटण सोडलं, घंटा थांबली. त्यानं सहज म्हणून तारेवर आणि खालच्या लोखंडी चौकटीवर खडूची एकच रेघ ओढली. जेवून परत आला तर तारेवरची रेघ खाली गेली होती. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. पण घंटा वाजली नव्हती, बटणाला कुणी हात लावला नव्हता, आणि एवढी मोठी बोट पेरभर खाली येताना कुणाच्या कानाला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या बोटीला त्यानं परत रेघ ओढली. ती जागची हलली नाही. तिसऱ्या बोटीला हलली, आणि या वेळी पेरापेक्षा जास्त.

तो मुकादमाकडे गेला.

"घसरते? आणि घंटा?"

"घंटा बटणाला जोडलीय. घसरायला बटण लागत नाही."

मुकादमानं तक्रार कानाआड केली नाही. विंच बसवणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री शांत, कामसू माणूस. झाकण उघडून आत पाहिलं, वजन लावून बघितलं, अर्धा दिवस घालवला. त्या अर्ध्या दिवसात विंच तसूभर हलली नाही.

"नवी तार ताणली जाते, काका," मिस्त्री म्हणाला. "तेच असेल. तरी मी वरिष्ठांना कळवतो. ब्रेकला कुठून तेल लागतंय का ते खोलून बघावं लागेल, पण त्यासाठी विंच बंद ठेवावी लागेल. हंगाम संपला की बघू."

"तोवर गाड्याला पाचर आणि साखळी लावू दे."

मुकादमानं डोकं खाजवलं. "काका, प्रत्येक बोटीला साखळी जोडायची, पाचरी ठोकायच्या, परत काढायच्या. माणसं ऐकणार नाहीत. मुकी असती तर गोष्ट वेगळी. कुणाला लागलंय का? आणि हिला मुकी म्हणायचं तरी कसं? एवढी बडबडी विंच गोदीत दुसरी नाही."

शेडमधले सगळे हसले. खटकेवाल्यानं एकट्यानं पाचरी ठोकल्या. संध्याकाळी पुढची बोट घ्यायची म्हणून दुसऱ्यांनी त्या काढून फेकल्या. तो परत ठोकायचा, ते परत काढायचे. शेवटी सुतारानं जवळ येऊन हळू आवाजात सांगितलं, "पोरं म्हणतात, खटका गेला म्हणून म्हाताऱ्याला वेड लागलंय. जाऊ द्या ना."

जाऊ देणं शक्य नव्हतं, कारण खाली त्याची लेक होती.

बोट वर आली की तिच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे, गंज काढायचा, मग रंग. खरवडायचं काम बायकांचं, आणि त्या बायकांची म्होरकी त्याची लेक. आडवं पडून, डोक्यावर हात धरून दिवसभर खरवडायचं. तोंडावर घाण पडते, खांदे उतरतात. पहिल्या आठवड्यात निम्म्या पोरी पळून जातात. तिनं हे काम त्याच्याकडून उचललं होतं, म्हणजे कामाची रीत. पात्याला धार किती ठेवायची, दम कधी घ्यायचा, ताकद कुठे वाचवायची. तिचा नवरा बोटीवर असायचा, महिनोन्महिने घरी नसायचा. आई गेल्यापासून बाप-लेक एकाच घरात राहत होते. दोन खोल्या, मधे पडदा, आणि दोघांच्याही बोलण्यात गोदीशिवाय दुसरा विषय नाही.

"उद्या मोठी येतेय," तिनं पीठ मळता मळता सांगितलं. "वाळू वाहणारी. इतकी जड बोट या हंगामात घेतली नाही. बूड रुंद आहे म्हणे, सगळ्या पोरी एकाच वेळी खाली बसवाव्या लागतील."

"तू जाऊ नकोस."

तिनं वर पाहिलं. "मी नाही गेले तर पोरी जातील का? आणि त्या गेल्या आणि मी वर उभी राहिले, तर मी कसली म्होरकी?"

"ती विंच धरत नाही. मी रेघ बघितलीय."

"बाबा, मिस्त्रीनं बघितली ना? तुमचा खटका गेला म्हणून तुम्हाला ती बघवत नाही. सगळे तेच म्हणतात. मला वाईट वाटतं ऐकून, पण..."

"पण काय?"

"तुम्हीच नियमाचे एवढे पक्के. मग तुम्ही सांगा बाबा, कुणाला लागलंय?"

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. हात पिठात होते, चेहरा नेहमीचा होता. टेकूखालून भावाला काढलं, तेव्हा त्याच्या भावजयीनं हेच उलटं विचारलं होतं. अजून कुणाला लागायचं राहिलंय?

मोठी बोट दुसऱ्या दिवशी सकाळी आली. खटकेवाल्यानं बटण दाबून धरलं. घंटा घणघणत राहिली आणि बोट रुळांवरून इंचाइंचानं वर आली. तिच्या वजनानं रूळ कण्हत होते, तार सतारीसारखी ताणली होती. मुकादमानं हात वर केला, त्यानं बटण सोडलं. घंटा थांबली.

"जेवून घ्या रे सगळे," मुकादम ओरडला. "जेवणानंतर पोरी खाली."

सगळे शेडकडे गेले. खटकेवाला खुर्चीतून उठला, तारेवर आणि चौकटीवर रेघ ओढली आणि ग्रीस लावायच्या निमित्तानं चाकांवरचं झाकण काढलं. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत गुंतलेली. एक मोठं, एक लहान. विंच घसरली की ही चाकं उलटी फिरणार, आवाज न करता, जात्यासारखी.

त्यानं हा विचार घाईत केला नव्हता. रात्री अंथरुणावर नाही, तर सकाळी कामावर चालत येताना, नीट, एखादं अवघड काम मांडतात तसा मांडला होता. उजवा हात नको. उजव्या हातानं हातोडा धरतात, घास घेतात. डाव्याचा अंगठा नको, अंगठ्याशिवाय पंजा म्हणजे नुसतं फळकूट. तर्जनी आणि मधलं बोट मुठीला लागतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्या दोघांशिवायही माणूस दोर धरू शकतो. त्यानं सुताराला तसा धरताना पाहिलं होतं.

त्यानं डाव्या हाताची ती दोन बोटं चाकांच्या मधे ठेवली, बाकीचा पंजा मागे घेतला आणि रेघेकडे बघत बसला.

आता ती धरून बसली तर? हा एक नवाच विचार त्याच्या डोक्यात आला. तिनं आज धरलं, तर त्याची बोटं वाचतील आणि जेवणानंतर पोरी खाली जातील. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखाद्या यंत्राला मनातून विनवलं, घसर. शेडमधून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. चाकाला ग्रीसचा जुना वास होता. रेघ जागेवर होती.

पावलं वाजली. लेक त्याचा डबा घेऊन येत होती. "बाबा, जेवायला का नाही आलात?" असं विचारत ती चौकटीपाशी आली आणि थांबली. आधी तिला वाटलं, तो ग्रीस लावतोय. मग तिची नजर शेजारच्या ग्रीसच्या डब्यावर गेली. डब्याचं झाकण लावलेलं होतं. तिनं पुन्हा त्याच्या हाताकडे पाहिलं, मग रेघेकडे, मग त्याच्या तोंडाकडे. त्याला वाटलं, आता ही ओरडेल.

तेवढ्यात रेघ सरकली.

चाकं फिरली ती इतकी सावकाश, की हात काढायला वेळ होता. लेकीला तो वेळ दिसला. त्यानं हात काढला नाही, हेही तिला दिसलं. मग हाड मोडल्याचा आवाज झाला. त्या विंचनं घंटेशिवाय केलेला तो पहिला आवाज, आणि तोही तिचा स्वतःचा नव्हता. तेव्हा तो ओरडला.

लेकीनं डबा टाकला, खुर्चीकडे झेप घेतली आणि वर घ्यायचं बटण दाबलं. घंटा घणघणली. चाकं सुलटी फिरली, हात सुटला. घंटा ऐकून शेडमधली माणसं बाहेर आली ती हसतच, जेवणाच्या वेळेला म्हाताऱ्याला काय सुचलं म्हणून. मग त्यांनी त्याचा हात पाहिला.

जखम भरत आल्यावर तो परत आला त्या सकाळी सगळे विंचभोवती जमले. मुकादमाची मान खाली होती. मधल्या काळात मोठ्या बोटीखाली कुणी गेलं नव्हतं. नाव मिळालं नव्हतं, पण मिळणार हे सगळ्यांना कळत होतं. खटकेवाला पुढे झाला. पांढऱ्या पट्टीतला हात वर करून म्हणाला, "ही मुकी."

"मुकी," सगळे म्हणाले.

त्यानं लेकीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले नाहीत.

चुन्याचा पट्टा ओढला गेला. साखळी आली, पाचरी आल्या, आणि त्या काढायला कुणी पुढे झालं नाही. पोरी मोठ्या बोटीखाली बसल्या, लेक त्यांच्यात. आणि एका दुपारी, घंटा न वाजता, कुणी काही न करता, तार सैल पडली आणि अख्खी बोट साखळीवर येऊन उभी राहिली. साखळी बंदुकीसारखी वाजली. पोरी सरपटत बाहेर आल्या. एकीच्या केसांत शिंपल्यांचा चुरा होता आणि ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मुकादमानं सगळ्यांसमोर खटकेवाल्याचे पाय धरले. मिस्त्रीनं ब्रेक खोलला, तेल कुठून झिरपतंय ते शोधलं आणि भाग बदलला. सुतारानं आपला तीन बोटांचा पंजा त्याच्या पंजाला लावून पाहिला. "आता शोभता," म्हणाला.

गोदीत त्याचा मान वाढला. घरात मात्र लेक त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. ताट वाढायची, पट्टी बदलायची, गरम पाणी आणून द्यायची. पट्टी बदलताना हात असा धरायची, की आपल्याला माहीत आहे हे त्या धरण्यातूनच कळावं. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्यानं एकदा विषय काढला.

"त्या दिवशी तू..."

"ग्रीसचा डबा मी उघडून ठेवला," ती म्हणाली. "लोक यायच्या आधी." आणि पडदा ओढून आत गेली.

हंगाम संपता संपता मालकानं शेजारच्या उतारावरही विंच बसवली. त्याच कंपनीची, तशीच हिरवी, तशीच घंटा. या वेळी ब्रेक सुधारलेला, असं मिस्त्रीनं सांगितलं, आणि त्यानं मनापासून सांगितलं. लेकीच्या पोरींना नव्या उताराचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिनं मुकादमाला म्हटलं, साखळी लावा.

"ही वेगळी आहे, ताई," मुकादम म्हणाला. "नाव उसनं थोडंच देता येतं? बहिणीचा गुन्हा बहिणीच्या माथी कसा मारायचा?"

शेडमधले हसले. खटकेवालाही तिथेच बसला होता. तो हसला नाही, पण काही बोललाही नाही. नियम तोच होता. त्याच नियमासाठी त्यानं दोन बोटं मोजली होती. आता तोच नियम खोटा म्हणायचा, तर त्या बोटांचं काय झालं म्हणायचं?

त्या रात्री घरी लेकीनं त्याला एकच प्रश्न विचारला, आणि तोही वाढता वाढता. "तुम्ही करंगळीच का निवडली?"

त्यानं घास गिळला. मग कामाचं विचारल्यावर द्यायचा तसा सरळ जवाब दिला. करंगळीशिवायही पकड राहते. जवाब देऊन झाल्यावर त्याला कळलं, आपण काय शिकवलं ते.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला नजरेआड होऊ दिलं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मुकादमानं त्याला काहीतरी विचारायला थांबवलं, आणि तेवढ्यात ती शेडमधून उठून गेली. तो धावला. पळायचं वय त्याचं नव्हतं, दम छातीत मावेना. नव्या उतारावर बोट उभी होती, तार ताणलेली, घंटा गप्प. विंचच्या चाकांवरचं झाकण काढून नीट बाजूला ठेवलं होतं. शेजारी ग्रीसचा डबा, झाकण उघडं. तिनं डाव्या हातातला मोजा काढला होता आणि तो घडी करून मांडीवर ठेवला होता. तारेवर आणि चौकटीवर खडूची रेघ होती.

त्यानं तिचं मनगट पकडलं आणि हात बाहेर ओढला. पाचही बोटं शाबूत होती. त्यानं ती एकेक चाचपून पाहिली.

"वेडी आहेस का तू?"

तिनं हात सोडवायची धडपड केली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा आवाज पीठ मळताना होता तसाच होता.

"मग तुम्ही सांगा बाबा, कुणाला लागलंय?"

शेडपाशी लोखंडी पत्र्यावर हातोडा पडला. सुट्टी संपली. पोरी हसत, एकमेकींना ढकलत उतारावरून खाली येऊ लागल्या, पाती खांद्यावर टाकून. पहिली वाकून बोटीच्या बुडाखाली शिरली. मागून दुसरी.

"सोडा," लेक म्हणाली. "माझ्या पोरी आत चालल्यात."

त्यानं मनगट सोडलं नाही. तीन बोटांची पकड होती, पण ती सुटण्यासारखी नव्हती. तिच्या हातावरून त्याची नजर चौकटीकडे गेली. रेघ अजून जागेवरच दिसत होती. मग ती जागेवर आहे की नाही, हे त्याला नीट कळेना.